नजमुद्दीनसाहेबांची गाठ

जुना कागद माणसापेक्षा प्रामाणिक असतो, असं एकनाथरावांचं ठाम मत होतं. स्वतःच्या नोकरीच्या कागदात वय तीन वर्षांनी कमी लावलेलं असल्यामुळे ते हे मत जरा बेतानंच मांडत.

पोलीस ॲक्शनला वर्ष होत आलं होतं. विद्यापीठाच्या दफ्तरखान्यात निजामी अमदानीचे फारसी कागद लाल फडक्यांच्या बस्त्यांत बांधून फळ्यांवर रचलेले असत. या बस्त्यांचे जुने राखणदार नजमुद्दीनसाहेब हिवाळ्यात कराचीला गेले, असं सगळे सांगत. स्टेशनावर पोचवायला मात्र कुणीच गेलं नव्हतं. त्यांच्या जागी एकनाथराव आले, तेही हंगामी. कायम कुणाला करायचं ते समिती ठरवणार होती. आणि फारसी वाचणारा तो जुन्या सरकारचा माणूस, एवढी शंका घ्यायला त्या दिवसांत फारशी अक्कल लागत नसे.

नजमुद्दीनसाहेबांच्या तोंडात कायम लवंग आणि हातात गाठ. फडक्याचं टोक ओठांत धरून ओलं करायचं, डाव्या हातानं पीळ द्यायचा, टोक आत दडवायचं. "हवा अंदर गई तो कीडा भी जाता," म्हणायचे. एकनाथरावांना ती गाठ सुटता सुटेना. त्यांनी दाभण घेऊन सगळे बस्ते उकलले आणि साधी सुरगाठ मारली.

जूनमध्ये एका सकाळी खिडकीजवळच्या बस्त्याला जुनी गाठ दिसली. आपल्याच नजरेतून सुटला असेल, म्हणून त्यांनी तो पुन्हा उकलला. दुसऱ्या दिवशी अख्खी फळी तशी. आठवड्यात कपाट.

हाताखालचे अप्पाराव त्याच जागेवर डोळा ठेवून होते. एकनाथरावांनी त्यांनाच गाठलं.

"अप्पाराव, बस्त्यांना कोण हात लावतं?"

"मीच की. घरी बायको ऐकत नाही, म्हणून इथं येऊन गाठी मारतो."

"थट्टा नको. सोमवारी समिती येणार. ढवळाढवळ दिसली तर मी घरी बसेन."

"मग माझ्यावर कायकू घसरता? ती गाठ येत असती तर साहेबांच्या शिव्या खाल्ल्या असत्या का मी?"

हे खरं होतं. अप्पारावांच्या स्वतःच्या बुटाची नाडीसुद्धा टिकत नसे.

शनिवारी दोघांनी मिळून झाडून सगळे बस्ते सुरगाठीत बांधले. दाराला कुलूप, कुलपावर लाख, लाखेवर दोघांचे अंगठे. किल्ली हिमायतनगरला रजिस्ट्रारांच्या घरी.

सोमवारी समितीसमोर लाख फोडली. अंगठे जसेच्या तसे होते.

आत लवंगेचा वास होता.

सगळे बस्ते जुन्या गाठीत.

एकनाथरावांनी एकाला बोट लावलं.

टोक ओलं होतं.

अध्यक्षांनी एक बस्ता उचलला, गाठ ओढून पाहिली आणि म्हणाले, "घट्ट आहे. माणूस जुना दिसतो कामात." दुपारी एकनाथराव कायम झाले. अप्पारावांनी पेढे मागितले नाहीत. ते लांब उभे राहून एकनाथरावांच्या हातांकडे बघत होते.

संध्याकाळी सुलतान बाजारातल्या घरी एकनाथरावांनी जेवणाचा डबा तसाच पुढे ठेवला.

"अहो, जेवला नाहीत?" वासंतीबाईंनी विचारलं.

"फडक्याची गाठ सुटेना. कुणी बांधली?"

"तुम्हीच की. महिना झाला, मला हात लावू देता का डब्याला?"

"मी?"

"नाहीतर कोण? डाव्या हातानं, टोक तोंडात धरून. मी म्हटलं, ऑफिसात शिकवलं असेल."

एकनाथरावांनी ओठांवरून जीभ फिरवली. जिभेवर लवंगेची चव होती.

वासंतीबाईंनी विळी ओढली आणि फडकं कापलं. आत भेंडी होती. विटली होती.