कापसाच्या खोलीतले खून

"म्हातारीनं दार उघडलं आणि ती हसली. डॉक्टरच आलाय म्हटल्यावर भ्यायचं कशाला? तिनं चहा टाकला. त्यानं टेबलावर बॅग ठेवली, हळूच उघडली, आणि..."

एवढ्यात खरंच दार उघडलं.

रोहिणी बोलता बोलता थांबली. कमरेपर्यंत कापसात बसलेली ती, हातात मोबाइल, कानात हेडफोन. आणि दारात सगळा उजेड अडवून उभा असलेला एक धिप्पाड माणूस. खांद्यावर बारदान. तो पुढं आला नाही की मागं सरला नाही. थोडा वेळ तसाच बघत राहिला, मग घसा खाकरून अगदी हळू आवाजात म्हणाला,

"आणि... पुढं काय झालं?"

"तुमी कोण?"

"कापूस न्यायला आलतो. अंगद. पिकअप हाय माझी." एवढं सांगून त्यानं परत विचारलं, "चहा पिला का त्यानं?"

आता हे सगळं काय होतं ते सांगायला हवं. पाटोद्याजवळच्या त्या गावात रोहिणीचे वडील मोहनराव दरवर्षी कापूस मधल्या खोलीत भरून ठेवायचे आणि भाव वाढायची वाट बघत बसायचे. घरादाराला त्या ढिगाची अडचण व्हायची, पण रोहिणीला तो ढीग म्हणजे घबाड होतं. कापसात बसून बोललं की आवाज घुमत नाही. बाहेरची मोटार, गोठ्यातली शेरडं, स्वयंपाकघरातला मिक्सर, काही म्हणता काही आत येत नाही. देशोदेशीच्या खुन्यांच्या खऱ्या गोष्टी ती तिथं बसून सांगायची, मोबाइलमध्ये भरायची आणि नेटवर टाकायची. एकामागून एक माणसं मारत सुटलेले खुनी. कुणी रशियातला, कुणी कोलंबियातला, कुणी तीस वर्षं न सापडलेला कोरियातला. स्वतःचं नाव तिनं कुठं दिलेलं नव्हतं. पण आवाज मात्र ऊसतोडीच्या कोप्यांपासून पुण्याच्या हॉस्टेलांपर्यंत पोचला होता.

घरी यातलं कुणालाच काही माहीत नव्हतं. पोरगी दार लावून स्पर्धा परीक्षेचं पाठांतर करते, अशी आई छबुबाईंची ठाम समजूत होती, आणि ती त्यांनी सगळ्या भावकीत पोचवलीही होती.

अंगदच्या चेहऱ्यावर मात्र आता हळूहळू उजाडायला लागलं. "थांबा... गोष्टीआधी 'काळीज घट्ट करा' म्हणणाऱ्या त्या बाई... तुमीच का काय?"

रोहिणीनं ओठांवर बोट ठेवलं. तिला भीती वाटायला हवी होती, पण त्याचे डोळे एवढे मोठे झाले होते की तिला हसूच आलं.

"ऐकता तुमी?"

"ऐकतो. पण दिवसाच." त्यानं मान खाली घातली. "रात्री गाडीत एकदाच ऐकलंतं. मागं कापसात कोणतरी दबा धरून बसलंय असं वाटायला लागलं. धाब्यावर गाडी लावली अन् उजाडंस्तोवर हललो न्हाई."

एवढा दांडगा गडी, आणि हे असं सरळ सांगून मोकळा. रोहिणीला गंमत वाटली. आणि गमतीबरोबर आणखी काहीतरी वाटलं, त्याकडं तिनं तूर्तास लक्ष दिलं नाही. तिनं घाईघाईनं त्याला सांगून टाकलं. घरी माहीत नाही. रविवारी बीडचे पाहुणे तिला बघायला येणार आहेत. नोकरीवाला मुलगा, शिकलेलं घर. तिथं असल्या गोष्टी कोण चालवून घेणार? आणि आज हा कापूस गेला तर डॉक्टरची गोष्टसुद्धा अर्धीच राहणार.

"एवढी एक पुरी होऊ द्या," ती म्हणाली. "मग न्या सगळा."

अंगद काही बोलायच्या आत बाहेरून मोहनरावांची चप्पल वाजली. रोहिणीनं हेडफोन ओढणीत लपवला आणि तोंडावर अभ्यास आणला.

"काय, भरायचा का?" मोहनरावांनी विचारलं.

अंगदनं ढिगात हात खुपसला. आधी कोपरापर्यंत, मग खांद्यापर्यंत. डोळे बारीक केले. "मामा, वरून कोरडा हाय. पण तळाला ओल लागायली. जिनिंग मिलवर मशीन लावतेत आजकाल. ओल दाखवली की भाव पाडतेत."

मोहनरावांनीही हात घातला, पण त्यांचा हात काही तळापर्यंत पोचेना. चेहरा पडला. "फरशीला धरली असंल ओल."

"चार दिस थांबा. मी येऊन बघत जातो."

आणि तो खरंच येत गेला. दर दुपारी त्याची पांढरी पिकअप बाभळीखाली उभी राहायची. आष्टीकडचा गडी, पण पाटोद्याच्या बाजूला त्याची एवढी कामं अचानक कुठून निघाली, हे त्यालाच ठाऊक. ओल बघायची म्हणून खोलीच्या दाराशी यायचा, उंबऱ्याच्या आत पाऊल टाकायचा नाही. छबुबाई चहा द्यायच्या आणि म्हणायच्या, किती काळजीवाला पोरगा हाय.

"कस्काय, आज किती ओल?" रोहिणी आतून विचारायची.

"कालच्यापेक्षा जास्तीच वाटायली."

"ऊन तर कडक पडतंय."

"उनानं जाणारी न्हाई ही," तो कपातला चहा फुंकत म्हणायचा आणि वर बघायचा नाही. कानाच्या पाळ्या तेवढ्या लाल व्हायच्या.

मग छबुबाई आत वळल्या की ती त्याला आदल्या दिवशीचा भाग सांगायची. त्या इंग्लंडातल्या डॉक्टरवर सुरुवातीला ज्यांना संशय आला, त्यांत एक टॅक्सीवाला होता, हे ऐकून तो ताठ बसला. टॅक्सीवाल्याची नेहमीची म्हातारी गिऱ्हाइकं एकेक करून मरायला लागली होती, आणि डॉक्टर सगळ्यांचा एकच होता.

"मग सांगितलं का न्हाई त्यानं कुणाला?"

"बरेच दिवस मनातच ठेवलं. डॉक्टरापुढं आपलं कोण ऐकतंय म्हणून."

"बरोबर हाय," अंगद म्हणाला. "डायवर माणसाचं कोण ऐकतंय."

"मी ऐकायले की."

त्यानं कप रिकामा झालेला होता तरी ओठाला लावला.

एकदा तिनं विचारलं, एवढं भ्या वाटतं तर ऐकता कावून? त्यानं बराच विचार केला.

"बाकीचे सांगतेत ते मारणाऱ्याचंच सांगतेत. किती हुशार, किती बेरकी. तुमी मेलेल्यांचं सांगता. ती म्हातारी चहात साखर किती घालायची, ते बी सांगता. मग वाटतं... ही आपलीच कोणतरी होती." तो थांबला. "अन् आवाज... म्हंजे... आवाज बी बरा हाय."

"बराच?"

"लई बरा हाय," तो म्हणाला आणि कप तिथंच ठेवून गाडीकडं चालायला लागला.

त्या रात्री रोहिणीला डॉक्टर आठवला नाही, रविवार आठवला नाही, फक्त त्या लाल झालेल्या कानाच्या पाळ्या आठवत राहिल्या. तो तिला आवडायला लागला होता. फार आवडायला लागला होता. हे स्वतःशी कबूल केल्यावर तिला इतकं हलकं वाटलं की ती अंधारात एकटीच हसली.

पण दोघांनी मिळून एका गोष्टीचा विचारच केला नव्हता. कापसाला ओल आहे म्हटल्यावर शेतकरी माणूस हातावर हात ठेवून बसेल का? शनिवारी सकाळी मोहनरावांनी शेजारचे दोघं बोलावले, अंगणात ताडपत्र्या पसरल्या आणि खोलीतला सगळा कापूस उन्हात आणून ओतला. रोहिणी अंघोळ करून येते तो खोली मोकळी. तिनं आत जाऊन नुसतं "आई" म्हटलं, तर चारी भिंती तेच परत म्हणाल्या. डॉक्टर पकडला जायचा होता, शेवटचा भाग राहिला होता, आणि बसायला मूठभर कापूस नव्हता.

दुपारी अंगद आला. पांढऱ्याशुभ्र अंगणाकडं बघून कपाळाला हात लावला.

"तुमच्या ओलीनं घात केला," रोहिणी खालच्या आवाजात म्हणाली.

"तळापर्यंत कोण बघतंय, असं वाटलंतं..."

तेवढ्यात तिच्या गालावर टपकन एक थेंब पडला. दोघांनी वर पाहिलं. डोंगराच्या बाजूनं ढग काळाकुट्ट होऊन आला होता. हिवाळ्यातला अवकाळी, न सांगता न सवरता. मोहनराव गोठ्याकडून ओरडत आले, छबुबाई सुपं टाकून धावल्या. शेजारचे कधीचेच घरी गेले होते. अंगद गाडीकडं पळाला, मागची मोठी ताडपत्री हिसडून काढली आणि एक टोक रोहिणीच्या हातात दिलं.

"घट्ट धरा. सोडू नका."

वारं ताडपत्रीत शिरत होतं. ती पुढं ओढली जायची, तो मागून तोल सावरायचा. मग दोघंही गुडघ्यांवर बसून कडा खाली दाबत होते, आणि पाऊस त्यांच्या पाठीवर तडतडत होता. तिच्या ओल्या केसांत कापूस अडकला होता. त्याच्या मिशीलासुद्धा बोंडभर कापूस चिकटला होता. तिनं ते पाहिलं आणि अशा वेळी हसू नये हे कळत असूनही ती हसत सुटली. तो तिच्याकडं बघत राहिला... बघतच राहिला, आणि त्याच्या हातातली कड वाऱ्यानं सुटली.

"अंगदराव, ताडपत्री," ती म्हणाली.

"हां... हां," तो म्हणाला आणि पुन्हा कडेवर पडला.

सर आली तशी गेली. कडेचा थोडा भिजला, बाकी सगळा कापूस वाचला. छबुबाईंनी देवाचं नाव घेतलं. मोहनराव मात्र अंगदसमोर येऊन उभे राहिले, डोक्यावरून पाणी गळत होतं तसेच.

"सकाळी मी स्वतः तळ उपसलाय. जन्म गेला माझा कापसात. ओल कुठं होती रे?"

अंगदनं मान खाली घातली. "चुकलं, मामा."

"चुकलं? का व्यापाऱ्यानं शिकवून धाडलंय? शेतकऱ्याला चार दिस अडवायचा, भाव पडला की उचलायचा. उद्या पाटोद्यात जाऊन सांगतो. बघतो तुझ्या गाडीत कोण कापूस भरतंय."

अंगदची एकदा रोहिणीकडं नजर गेली, ती त्यानं लगेच वळवली. धंदा बुडाला तरी चालेल, पण तिचं नाव तो घेणार नव्हता. ते तिला लख्ख कळलं. गप्प राहिली असती तर उद्याचे पाहुणे आले असते, सगळं रीतसर झालं असतं. आणि हा माणूस खोटारडा ठरून या रस्त्यानं पुन्हा कधी आला नसता.

"आप्पा," ती म्हणाली, "त्यो माझ्यासाठी खोटं बोलला."

मग तिनं सगळं सांगितलं. कापूस, मोबाइल, नेट, सगळं.

"कसल्या गोष्टी?" मोहनरावांना नीट कळेना.

"खुनाच्या. एकामागून एक माणसं मारणाऱ्यांच्या. येगयेगळ्या देशांतल्या."

छबुबाई भिजल्या पायरीवर खाली बसल्या. "मग पाठांतर?"

"पाठांतर न्हवतं, आई."

"अगं, मी सगळ्या भावकीत सांगितलंय, पोरगी साहेब होणार म्हणून."

मोहनरावांचा राग कुणावर काढावा हेच त्यांना उमगेना. "पाहुणे यायलेत उद्या. त्यांना कळलं म्हंजे? खुनाच्या गोष्टी सांगणारी पोरगी कोण करून घेईल?"

"मी," अंगद म्हणाला.

सगळे त्याच्याकडं वळले. त्याच्या तोंडून ते निघून गेलं होतं, आणि आता त्याला स्वतःलाच धाप लागली होती.

"तू गप बे. तुझं अजून मिटायचंय माझ्याकडं."

"मिटवा, मामा. काय करायचं ते करा. पण इचारलंत म्हणून सांगितलं. मी करून घेतो."

"मला कुणी इचारलंच न्हाई अजून," रोहिणी म्हणाली.

अंगद तिच्याकडं वळला. भर अंगणात, आईबापांसमोर, मिशीला कापूस चिकटलेला. "तुमी... म्हंजे तुमच्या मनात असंल तर..."

"मी हे सोडणार न्हाई. लग्नानंतर बी न्हाई."

"सोडा म्हणायचं असतं तर एवढं खोटं बोललो असतो का?" तो म्हणाला. "आमच्या घरी बी कापूस भरतेत. मोठी खोली हाय. माझ्या मायला मी आधीच सांगून ठेवीन, लपवायचं कायच न्हाई."

मोहनरावांनी ताडपत्रीची कड उचलून खालचा कापूस चिमटीत धरून पाहिला. कोरडा होता.

"उद्याच्या पाहुण्यांना नको म्हणून कळवावं लागंल," ते बायकोला म्हणाले. मग अंगदला, "आधी ह्यो माल जिनिंगला नीट पोचव. मग तुझ्या घरच्यांना घिऊन ये." आणि शेवटी पोरीकडं बघून विचारलं, "तुझं काय म्हणणं हाय?"

आजवर या घरात रोहिणीनं मनातलं जे काही सांगितलं, ते दार लावून, अनोळखी लोकांना सांगितलं होतं. आता दार नव्हतं, कापूस नव्हता, समोर आपली माणसं होती.

"हो," ती म्हणाली, आणि इतक्या मोठ्यानं म्हणाली की पलीकडच्या घरातली माणसं बाहेर आली.