कॅमेरा हात करत नाही

आधी धप्प झालं, मग खळकन काहीतरी फुटलं, आणि मग चष्मेवालीने डोळे मिटले. सगळं होऊन गेल्यावर डोळे मिटून काय उपयोग, हे तिलाही कळत होतं. पण पिकअपच्या मागे ट्रेलर, ट्रेलरच्या मागे गॅरेजची भिंत, आणि त्या दोघांच्या मध्ये कोण जाणे काय... ते पाहायचा तिला धीर होईना.

उतरून मागे गेली, तर एक मोटारसायकल आडवी पडलेली, आणि तिच्यापाशी एक उंच, किडकिडीत माणूस पाना हातात धरून उभा.

"मला दिसलीच नाही हो!"

"दिसणार कशी? ट्रेलरच्या मागच्या त्या जागेत हत्ती बांधला तरी आरशात दिसायचा नाही."

"आरसा फुटला तुमचा..."

"फुटू दे. विकायचीच आहे ती." मोटारसायकलच्या टाकीवर खरंच कागद चिकटवलेला होता – विकणे आहे.

"चांगली आहे की. का विकता?"

"कंटाळा आला चालवायचा," तो म्हणाला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. नुसते डोळे वळवून नाही, सगळी मान, सगळा चेहरा वळवून. मग ट्रेलरवर रंगवलेली लहान-मोठी अक्षरं आणि 'येथे डोळे तपासले जातील' ही पाटी त्याने सावकाश, एकेक शब्द करत वाचली. "म्हणजे डोळे तपासणाऱ्या बाईच न बघता ठोकतात! धन्य आहे."

ती हसली. हसली आणि दचकली, कारण बाबा गेल्यापासून, म्हणजे जवळजवळ वर्षभर, ती हसली नव्हती.

ट्रेलर बाबांचा. तीस वर्षं त्यांनी तो गावोगाव ओढला, लोकांचे डोळे तपासले, चष्मे दिले. तपासणी ती त्यांच्याकडे आणि मग कॉलेजात शिकली. गाडी मागे घ्यायला मात्र कधीच शिकली नाही. तशी गरजच पडली नव्हती. बाबा गाडीत बसायचे आणि आई मागे उभी राहून हात करायची – ये, ये, डावीकडे, बस! पिकअपच्या मागच्या लोखंडी गोळ्यावर ट्रेलरच्या दांडीची वाटी अचूक बसायची. आई सांगायची, "एकदा मी रुसले आणि घरातच बसले, तर दोन दिवस ट्रेलर फाटकात आडवा! शेवटी तुझे बाबा हात जोडून आले." बाबा गेले, त्यानंतर आई ट्रेलरच्या मागे कधी उभी राहिली नाही. चष्मेवालीनेही तिला तसं सांगितलं नाही. आज ती गॅरेजच्या मालकाला ट्रेलरसाठी गिऱ्हाईक बघायला सांगायला आली होती.

"विकू नका," पानेवाला म्हणाला. गॅरेजात गाड्यांना कॅमेरे बसवायचं काम त्याचं. "एक महिना द्या मला. कुणी मागे उभं राहायची गरज पडणार नाही."

गुरुवारी तिचा ट्रेलर मोकळा असे. पहिल्या गुरुवारी त्याने पिकअपच्या मागच्या फळीवर एक कॅमेरा बसवला, पुढच्या गुरुवारी दोन्ही आरशांखाली एकेक, आणि तिसऱ्या गुरुवारी ट्रेलरच्या पाठीवर, दाराच्या वर. खरं तर हे एका दिवसाचं काम. गॅरेजच्या मालकाने दोनदा विचारलं, "कॅमेरे बसवतोयस की स्वतः बसायला जागा शोधतोयस?" कॅमेरेवाला कानांपर्यंत लाल झाला. ती पाना-हातोड्यांच्या फळीकडे बघत राहिली.

गॅरेजमागच्या मोकळ्या मैदानात बादल्या उलट्या मांडून सराव चाले. तो शेजारच्या सीटवर.

"या समोरच्या पडद्यावर हिरवी रेघ दिसते? ती वाटीवर धरून ठेवा. गोळा आपोआप तिच्याखाली जाईल. हळू... आणखी हळू... लग्नाला उशीर झालाय का?"

"कुणाच्या?"

"कुणाच्याही," तो गडबडून म्हणाला. "आता हात स्टिअरिंगच्या खालच्या बाजूला धरा. ज्या बाजूला हात न्याल, त्या बाजूला ट्रेलरची शेपटी जाईल."

तिने हात डावीकडे नेला. इतके दिवस उलटाच वागणारा तो हट्टी ट्रेलर मुकाट्याने डावीकडे वळला. मग त्याने एक बटण दाबलं. पिकअपचा आणि ट्रेलरच्या पाठीवरचा कॅमेरा मिळून पडद्यावर असं चित्र उमटलं, की मधला ट्रेलर काचेचा झाला. त्याच्या आरपार मैदान दिसू लागलं, बादल्या, भिजलेलं गवत, लांबवर वाळत घातलेली कुणाची तरी पांढरी चादर.

"बाबांनी तीस वर्षं ओढला," ती हळूच म्हणाली, "आणि तुम्ही एका बोटाने नाहीसा केलात."

"आहे तो. फक्त आडवा येत नाही." मग त्याने अगदी गंभीर होऊन सांगितलं, "पण एक कायम लक्षात ठेवा. कॅमेऱ्यावर चिखल बसतो, पावसाचा थेंब बसतो. मनात शंका आली की थांबायचं, उतरायचं आणि स्वतः जाऊन बघायचं. पडद्याला शंका येत नाही. माणसाला येते."

त्या संध्याकाळी आईने पानं वाढता वाढता विचारलं, "काय म्हणतो तुझा पडदेवाला?"

"माझा कुठला? आणि काय म्हणणार, लाजाळूचं झाड आहे नुसतं. मी बाजूला जाऊन उभी राहिले की दचकतो. कप पुढे केला तर घेतच नाही, हात तसाच राहतो माझा. आज तर चालता चालता बादलीतच पाय घातला!"

आईच्या तोंडावर किती तरी दिवसांनी हसू फुटलं. "तुझ्या बाबांनी मला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा दाराची चौकट कपाळावर घेतली होती. लक्षण चांगलं आहे, पोरी."

रात्री ती त्याचं पाहणं आठवत राहिली. सगळा चेहरा वळवून पाहणं. इतकं पूर्ण आपल्याकडे आजवर कुणीच पाहिलं नाही... असं तिला वाटलं. यात तिची चूक काय म्हणावी? माणूस दुसऱ्यांच्या डोळ्यांत रोज बघतो. ज्या डोळ्यांत स्वतः दिसतो, तिथे काही तपासायचं सुचत नाही.

चौथ्या गुरुवारी पाऊस भुरभुरत होता. सराव नको म्हणून तिने त्याला ट्रेलरमध्ये ओढलं, तपासणीच्या खुर्चीवर बसवलं. तो नको नको म्हणत होता. तिला तोही लाजण्याचाच भाग वाटला.

"साऱ्या गावाचे डोळे तपासते, तुमचेच राहिलेत. माझ्या नाकाकडे बघा."

"बघतोच आहे. छान आहे."

"गप्प बसा! नजर हलवायची नाही. बाजूला किती बोटं धरली आहेत, सांगा."

तो तिच्या नाकाकडेच बघत राहिला.

"सांगा ना."

"धरलीत का?" त्याने विचारलं.

तिने हात जवळ आणला. आणखी जवळ. बोटं तिच्या स्वतःच्या गालाला लागायला आली, तेव्हा तो म्हणाला, "दोन." दुसऱ्या बाजूने तेवढंही नाही.

छपरावर पाऊस वाजत होता. तिला एकदम सगळं दिसलं. बादली. तसाच राहिलेला कप. दचकणं. टाकीवरचा कागद. आणि ती मान वळवून पाहण्याची तऱ्हा...

"काचबिंदू," तो म्हणाला. "उजवा जवळजवळ गेलाय. डावा नळीतून बघावं तसा. दोन मोठे डॉक्टर झाले. गेलेलं परत येत नाही, थेंब घालून आहे तेवढं टिकलं तर टिकलं. तुम्हाला मी काय सांगू? तुम्ही रोज लोकांना हेच सांगत असाल."

ती रोज हेच सांगत असे.

"मला वाटलं..." ती म्हणाली.

"काय वाटलं?"

"काही नाही."

पण त्याला कळलं असावं. तो उठला, दाराची कड चाचपत उतरला, आणि पावसात उभा राहून, तिच्याकडे न बघता म्हणाला, "तुमच्या गाडीला चार कॅमेरे लावले. मला एकही लावता येत नाही. मालकाने दुसरा माणूस बघितलाय. येत्या गुरुवारी अकराच्या बसने मी ताईकडे जातोय. कुणाच्या मागे बांधलेला ट्रेलर व्हायचं नाही मला."

आठवडाभर ती दोन गावं फिरली. ट्रेलर एकदाही वाकडा गेला नाही. एका शाळेच्या अरुंद फाटकातून तो तिने असा मागे घेतला, की शिपायाने टाळ्या वाजवल्या. घरी येऊन ती आईच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. सगळं ऐकून घेतल्यावर आई एवढंच म्हणाली, "मीच म्हटलं ना, लक्षण चांगलं आहे म्हणून." आणि मग तिच्या केसांतून हात फिरवत राहिली.

या गुरुवारी नेमकं दुपारी शिबिर होतं, तिकडे जाताना तिने गाडी गॅरेजकडे वळवली. पाऊस अधूनमधून भुरभुरत होता. तो पिशवी भरून तयार होता. "शेवटचं एकदा बघून देतो," म्हणाला, आणि रुमालाने एकेक कॅमेरा पुसत मागे गेला. निरोपाचं दोघांनीही काही काढलं नाही. ती गाडीत बसली, तिने आरशात पाहिलं. तो नव्हता. तिने पाय ब्रेकवर ठेवून गाडी मागच्या गियरमध्ये टाकली.

पडद्यावर तो उमटला.

ट्रेलरच्या मागे अगदी जवळ, आरशात हत्तीही दिसत नाही त्या जागेत तो उभा होता. खाली दोन्ही कोपऱ्यांत गाडी मागे घेतानाचे पांढरे दिवे लागले होते. त्याच्या नजरेत ते येतच नव्हते. त्याने दारावर तळहात टेकला, मग कपाळ, आणि मग तोंड वर केलं. ओठ हलले. कॅमेऱ्याला आवाज ऐकू येत नाही. काय बोलला? निरोप? तिचं काही...? का नुसताच थेंब होता काचेवर, आणि तिला ओठ हलल्यासारखे वाटले?

शंका आली. तिने गाडी बंद केली, ती उतरली, आणि बघायला गेली.

ती त्याच्या उजव्या अंगाला हातभरावर उभी होती तरी त्याला पत्ता नव्हता. मग ती पुढे झाली आणि ट्रेलर आणि तो, यांच्या मधल्या वीतभर जागेत घुसली.

"आता दिसते?"

तो दचकला. "दिसतेस," म्हणाला. 'तुम्ही' कुठे गळून पडलं, त्यालाही कळलं नाही.

"किती?"

"...आहे तेवढ्यात मावतेस."

"तू माझ्याकडे मान वळवून बघायचास," ती म्हणाली, "ते सगळं डोळ्यांमुळेच होतं?"

"निम्मं," तो म्हणाला. "उरलेलं निम्मं असं होतं, की डोळे धड असते तरी मान वळवलीच असती."

"मग जाऊ नकोस."

"कशाला राहू? तुला आता कुणाची गरज नाही. मीच तशी सोय केलीय."

"कॅमेरा हात करत नाही."

"आणि उद्या मलाच दिसेनासं झालं तर? मी हात कुठे बघून करू?"

तिने शेकडो लोकांच्या डोळ्यांत पाहिलं होतं, आणि असल्या डोळ्यांचं पुढे काय होतं ते तिला पुस्तकासकट पाठ होतं. ती फक्त एवढंच म्हणाली, "ट्रेलर वळवायचाय. मागे घ्यावा लागेल. आज तरी हात कर."

"पडदा आहे की."

"पडदा बंद आहे."

आणि जाऊन तिने तो खरंच बंद केला. तो मैदानाच्या कडेला, तिच्या बाजूच्या आरशात नीट दिसेल असा उभा राहिला. पिशवी पायाशी ठेवली. हात वर केला. ये... ये... आणखी ये... डावीकडे... बस, बस, बस! ट्रेलर साफ वाकडा गेला. पुन्हा पुढे. पुन्हा मागे. पुन्हा वाकडा. त्याचा हात चुकत होता की तिचा, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही.

रस्त्यावरून अकराची बस गेली. त्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली, सगळी मान, आणि ती दिसेनाशी होईपर्यंत तिकडे बघत राहिला.

मग त्याने पुन्हा आरशाकडे तोंड केलं आणि हात वर केला. "ये," तो म्हणाला. "हळू ये."