रोजची एक रेघ

"काम झालं की भिंतीवरचं बटण बंद करायचं, इरा. विसरायचं नाही."

बर्फाच्या खाणीवर पाळीला जाताना आईने सांगितलेलं हे इराच्या कानात अजून होतं. चंद्रावरच्या त्या वसाहतीत सूर्य मावळला की पंधरवडाभर तोंड दाखवत नसे. साठवलेली वीज पुरवून वापरावी लागे. इराने आईचा शब्द एकदाही मोडला नव्हता. मग हे असं का व्हावं?

तिच्या हातातल्या औषधाच्या पट्टीवर मध्ये मध्ये कोऱ्या रेघा होत्या, दात पडलेल्या कंगव्यासारख्या. आजोबांच्या हृदयाचं औषध इथे शाईतून येई. प्रिंटरने ते खाण्याच्या कागदावर छापायचं आणि रोज एक पट्टी जिभेवर ठेवायची. आठवड्याच्या पट्ट्या एकदम छापून ठेवत. कालची शेवटची होती.

"आजोबा, अर्धीमुर्धी चालेल का?"

"नाही गं. औषध किती उतरलंय ते कसं कळणार?" आजोबा एके काळचे द्रवांचे शास्त्रज्ञ, पण आता चार पावलं चालले तरी त्यांना धाप लागे. "दवाखान्याची गाडी परवा येईल. तोवर आपणच बघू."

शाळा, स्वयंपाक, हवेची गाळणी धुणं. इराचेही खांदे भरून आले होते. तिने प्रिंटरचं सफाईचं बटण पुन्हा पुन्हा दाबलं.

"बास. दर सफाईला तो औषधच ओतून टाकतो. शाईची डबी रिकामी करशील. मला सांग, मेंदीच्या कोनाला टाचणी कशाला लावून ठेवतेस?"

"नाहीतर टोकाशी सुकते. मग कितीही दाबा."

"सुकते म्हणजे काय होतं?"

"पाणी उडून जातं."

"तेच बाष्पीभवन (द्रवाची वाफ होऊन हवेत मिसळणे). प्रिंटरच्या शीर्षाला (कागदावरून इकडून तिकडे सरकणारा भाग) नोझल असतात (शाईचे थेंब फेकणारी, केसाहून बारीक छिद्रं). पाणी उडतं, बाकीचं मागे राहतं आणि त्याचंच बूच बसतं. त्यात आपल्या घरातली हवा पापडासारखी कोरडी."

"पण याला टाचणी कुठे आहे?"

"आहे की. काम संपलं की शीर्ष कडेला जाऊन रबरी टोपीवर बसतं. आत ओल टिकते. तू बंद कसा करतेस?"

इराने बोट दाखवलं. "भिंतीवरून. छापून झालं की लगेच."

"मग त्याला घरी जायलाच मिळत नाही. उघड्या तोंडाने वाटेत थांबतं, आठवडाभर."

"म्हणजे आईचं ऐकलं म्हणून बिघडलं."

"आई बरोबरच बोलली, बाळ. त्याच्या आधीची एक पायरी सांगायची राहिली. आधी यंत्राचं बटण. शीर्ष टोपीवर बसल्याचा टक् आवाज येऊ दे. मग भिंतीचं."

धागे न सुटणारं मऊ कापड शुद्ध पाण्यात भिजवून इराने शीर्षाखाली सरकवलं. टोचायचं नाही, घासायचं नाही, भिजू द्यायचं. आजोबांचा डोळा लागला. त्यांचा श्वास मध्येच अडे आणि इरा दर वेळी मान वर करी.

मग एकच सफाई. पहिल्या पट्टीत एक कोरी रेघ राहिली. दुसरी पूर्ण उतरली. जागे झालेल्या आजोबांनी डोळे मिटून देवाचं नाव घेतलं आणि तीर्थ घ्यावं तशी ती जिभेवर ठेवली.

"पुन्हा बूच बसेल का हो?"

"नुसता ठेवला तर टोपीतही हळूहळू सुकतं. रोज थोडी शाई वाहायला हवी. तुझी आई कितीही दमून आली तरी देवापुढचा दिवा चुकवत नाही ना? तसाच नेम यालाही."

"मी काढीन रोज एक रेघ."

"दमलीस तरी?"

"दमले तरी."

"मग पुढे मंगळावर गेलीस तरी हा नेम सोडू नकोस. तोवर माणसं जखमेवरची कातडीसुद्धा अशीच छापू लागतील. तिथलीही हवा कोरडीच."

दुसऱ्या दिवशी इरा शाळेतून आली तेव्हा पाय ओढत होती. अंथरूण समोरच होतं. आजोबा झोपले होते, श्वास संथ होता. तिने दप्तर आवाज न करता खाली ठेवलं, देवापुढचा दिवा लावला, रद्दीतला एक कागद उचलला आणि चवड्यांवर चालत प्रिंटरकडे निघाली.