गठ्ठ्याच्या तळाशी

लोखंडी वजनांची पेटी उचलून उचलून एका अंगाला कललेला खांदा.

‘अर्जदाराने स्वतःच कागदपत्रे उशिरा सादर केली,’ असं टंकलेलं एक कोरडं वाक्य.

एका छपराखाली सात वर्षं न झालेलं बोलणं.

सहीच्या जागेवर टेकून थांबलेलं पेन...

हे सगळं एकाच घरातलं, एकाच बाईचं. वजनमापे कार्यालयात तिनं एकतीस वर्षं दुकानांतले काटे तपासले. दिरानं ‘वहिनी’ म्हटलं आणि तेव्हापासून अख्खं घर तिला वहिनीच म्हणू लागलं. पेन तिच्या हातात होतं, समोर न्यायाधिकरणातला अर्ज मागे घेण्याचा कागद होता आणि नवरा विचारून विचारून थकला होता, की अगं, पण का?

सात वर्षांपूर्वी ज्येष्ठतेच्या यादीत तिचं नाव पहिलं होतं. निरीक्षकाची बढती हातातोंडाशी आलेली. पण समितीपुढे तिची फाईल गेलीच नाही. पुढची समिती बसायला सहा वर्षं लागली, तेव्हा कुठं तिला बढती मिळाली. तोवर तिनं हाताला धरून शिकवलेले लोक तिचे साहेब झाले होते आणि तिनं त्यांनाही हसतमुखानं नमस्कार केले होते. शेवटी नवऱ्याच्या हट्टाखातर तिनं अर्ज केला : बढती त्या जुन्या तारखेपासून धरावी, झालेलं नुकसान भरून द्यावं. कार्यालयानं उलट तिच्यावरच खापर फोडलं. वकीलबाई म्हणाल्या, काळजी नको, फायलींच्या नोंदीची वही मागवू, दूध का दूध होईल.

वहिनी मागे सरली ती तिथं. ती वही तिनं केव्हाच पाहिली होती. फाईल वेळेत मिळाल्याची नोंद तिच्यात होती, आणि नोंदीपुढची सही होती त्याच कार्यालयातल्या आस्थापना शाखेच्या कारकुनाची... तिच्या धाकट्या दिराची!

तेव्हा त्याची नोकरी कायम व्हायची होती, पदरात दोन महिन्यांची लेक होती. वहिनीनं शब्द गिळला. पण त्यानं? त्या दिवसापासून त्यानं तिच्या नजरेला नजर दिली नाही. घर म्हणे, धाकट्याला शिंगं फुटली. ज्याच्यासाठी ओठ शिवले त्यानंच परकं करावं, ही वेदना तिनं सात वर्षं एकटीनं सोसली.

‘‘जाऊबाईंनी काट्यांशीच संसार मांडलाय,’’ धाकटी जाऊ म्हणाली. ‘‘आधीच साहेबीण होऊन त्यांना करमलं नसतं.’’

धाकटा ताटातून मान वर करीना. वहिनीनं सही केली आणि दगदग नको, एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी वकीलबाईंनी नाइलाजानं तो कागद पुढे केला. न्यायाधीशांनी चष्मा वर करून विचारलं, की अर्जदारावर कुणाचा दबाव आहे का? वहिनी ‘नाही’ म्हणणार, तोच मागच्या बाकावरून कुणीतरी उठलं. रजा टाकून धाकटा आला होता.

‘‘साहेब, यांनी कागद वेळेत दिले होते. फाईल माझ्याकडे राहिली.’’

कशी राहिली, असं विचारल्यावर त्यानं वहिनीकडे हात केला. ‘‘या माझ्या वहिनी. घरच्या माणसाची फाईल वर ठेवली तर लोक बोट दाखवतील, म्हणून मी ती मुद्दाम तळाशी ठेवली. अधिकारी वरून सह्या करत येत होते. खालपर्यंत यायच्या आत त्यांची बदली झाली... आणि मला तोंड उघडायचा धीर झाला नाही.’’

कुणीतरी खुदकन हसलं. न्यायाधीश हसले नाहीत. त्यांनी अर्ज चालू ठेवला आणि वही मागवली.

बाहेर व्हरांड्यात तो भिंतीला टेकून उभा होता.

‘‘तुम्हाला ठाऊक होतं, वहिनी?’’

‘‘पहिल्या आठवड्यापासून.’’

‘‘मग बोलला का नाहीत?’’

‘‘तुम्ही बोलाल म्हणून थांबले, भावजी.’’

तो ओंजळीत तोंड लपवून लहान पोरासारखा रडू लागला. सात वर्षांचं साचलेलं तिच्याही डोळ्यांतून वाहिलं. पण पदरानं आधी त्याचे डोळे पुसत ती म्हणाली, ‘‘पुरे आता. तो शिपाई बघतोय. त्याला वाटेल, आपण हरलो.’’

महिन्याभरानं निकाल आला. बढती जुन्या तारखेपासून धरली गेली, भरपाई कार्यालयानं द्यायची ठरली, धाकट्याला लेखी ताकीद मिळाली. ताकिदीचा कागद त्यानं स्वतःच घरात सगळ्यांना वाचून दाखवला, आणि जाऊ पुढे येऊन म्हणाली की जाऊबाई, माझी जीभ फार चालते. वहिनी म्हणाली, चालू दे, घरात कुणाची तरी चालायला हवीच होती. त्या संध्याकाळी दोन्ही भाऊ इतके मोठ्यानं बोलत होते, की शेजारणीनं येऊन भांडण तर नाही ना, म्हणून विचारलं. वहिनी पाठ टेकून नुसती ऐकत राहिली. छातीवरचा दगड कुणीतरी अलगद उतरवला होता...

सात वर्षांपूर्वीच्या त्या गठ्ठ्यात तेवीस फायली होत्या. धाकट्यानं सगळ्यांत आधी टिपण लिहून पूर्ण केलेली फाईल तिची होती.