दुकानाच्या चिंध्या

"बाई, लवकर या! गिरणी पेटवायला निघालेत!"

चौकीतला फोन खणखणला तेव्हा फौजदारबाईंच्या ओठाला चहाही लागला नव्हता. कप तसाच ठेवून त्या निघाल्या. पाहतात तो अख्खं गाव पिठाच्या गिरणीपुढे लोटलेलं. कुणाच्या हातात दगड, कुणाच्या हातात रॉकेलचा डबा. गिरणीवाला आतून कडी लावून बसलेला, आणि वर माडीवर त्याचा अंथरुणाला खिळलेला म्हातारा बाप. आग लागली असती तर त्या म्हाताऱ्याला जिन्यावरून उतरवणार कोण होतं?

"काडी ओढेल त्याला आधी आत टाकीन!" फौजदारबाई गरजल्या.

त्यांनी दोन शिपाई दारात उभे केले. दोघं किती वेळ पुरणार, हे गावालाही कळत होतं.

भांडण निवडणुकीचं. ग्रामपंचायतीच्या एका जागेसाठी दोघं उभे होते, जुना सदस्य गिरणीवाला आणि समोरच्या गल्लीतली शिंपीण. मागच्या सभेत गिरणीवाला तिच्या तोंडावर म्हणाला होता, "बाईनं काजं-बटणं करावीत, गाव चालवायला येऊ नये. जास्त बोललीस तर दुकानाच्या चिंध्या करीन!" लोक पोट धरून हसले होते. आणि आज सकाळी तिच्या दुकानाचं कुलूप फुटलेलं, आत खरोखरच चिंध्या.

फौजदारबाईंनी गिरणीवाल्याला खिडकीशी बोलावलं.

"रात्री कुठं होतास?"

"घरात. बापाचं करत होतो."

"साक्षीला कोण?"

"बाप! आणखी कोण असणार?"

"धमकी दिली होतीस ना?"

"दिली होती की! चारचौघांत दिली. करायचं असतं तर तेही चारचौघांत केलं असतं. मी काय त्या सुईवालीला भितो?"

"चोराच्या उलट्या बोंबा!" गर्दीतून कुणीतरी ओरडलं आणि एक दगड पत्र्यावर दणकला.

माणूस उर्मट होता. फौजदारबाईंच्या तो डोक्यात गेला. पण कुणी डोक्यात गेलं म्हणून गुन्हेगार ठरत नाही. त्या गल्ली ओलांडून दुकानात शिरल्या.

प्रचाराचा लाल कापडी फलक उभा-आडवा कापून फरशीवर टाकला होता. छापील पत्रकं हातानं टराटरा फाडलेली. त्यांच्यात गिऱ्हाइकांचे कपडे, बाह्या एकीकडे आणि अंग एकीकडे. शिंपीण स्टुलावर बसली होती. चेहरा दगडासारखा.

"मशीनला धक्का नाही लावला त्यानं?"

"जड आहे. जमलं नसेल."

"कात्री कुठली वापरली?"

"मला काय विचारता? त्याची त्यानं आणली असेल. त्याला धरा की! इथं काय हुंगत बसलाय?"

खुंटीला तेलकट फडक्यात गुंडाळलेली मोठी कात्री टांगली होती. फौजदारबाईंनी ती सोडली. पात्यांच्या सांध्यात लाल धागे अडकले होते. त्यांनी फरशीवरचं एक पत्रक उचलून पात्यात धरलं.

"अहो, कापडाची कात्री आहे ती!" शिंपीण ताडकन उठली. "कागदाला लावू नका, धार जाते!"

सगळं दुकान उद्ध्वस्त झालं तरी जी जागची हलली नव्हती, ती कात्रीसाठी धावली होती. फौजदारबाईंनी एक छोटा झगा उचलला, सुट्या बाहीच्या कडेवरून बोट फिरवलं, मग दुसरा कपडा, मग तिसरा. कात्री फडक्यासकट हातात घेऊन, सगळे कपडे काखोटीला मारून त्या बाहेर आल्या. शिंपीणही तरातरा मागे आली.

"गुन्हेगार सापडला," त्या म्हणाल्या. "आधी आपापले कपडे ओळखा, आणि कुठं फाटलेत ते मला सांगा."

एका आजीनं नातीचा झगा ओढून घेतला. शिव्या देत तिनं तो उलटा केला, सुलटा केला, आणि तिच्या शिव्या थांबल्या.

"अगंबाई! फाटलाय कुठं? नुसता उसवलाय."

"माझा सदरापण," दुसरी म्हणाली. "शिवणच सुटलीय."

"सगळे तसेच आहेत," फौजदारबाई म्हणाल्या. "एकाही कापडाला चीर नाही. पुन्हा टीप मारली की कपडा नवा. वैरी इतका जपून उसवत बसतो? आणि फलक कापला तो दुकानातल्याच कात्रीनं. धागे अजून पात्यात आहेत. म्हणजे चोरानं कात्री खुंटीवरून काढली, काम उरकलं, तेलाच्या फडक्यात गुंडाळली आणि परत टांगली. पत्रकं मात्र हातानं फाडली, कारण कागदानं धार जाते. इतकी शिस्त गिरणीवाल्याला कुठून येणार? कापड नासवायला जिचा हात धजत नाही, अशी गावात एकच आहे."

सगळ्यांच्या माना शिंपिणीकडे वळल्या.

"हो, मी केलं!" ती कडाडली. "पाण्यासाठी, रस्त्यासाठी दारोदार घसा फोडला, तेव्हा कुणी ऐकलं? तो काजं-बटणं कर म्हणाला, तेव्हा खिदळलात ना सगळे? आज चिंध्या दिसल्या तर लगेच माझ्या बाजूचे झालात! पण मी कुणाचं कापड नासवलं नाही."

"कापडाची एवढी काळजी," फौजदारबाई म्हणाल्या, "आणि माडीवरच्या म्हाताऱ्याची? तो जळाला असता तर त्याला कुठून टीप मारणार होतीस?"

रॉकेलचा डबा कुणीतरी गुपचूप मागे सरकवला.

"बघा! मी म्हटलं नव्हतं?" गिरणीवाला खिडकीतून छद्मी हसला.

"तू गप! तुझ्या धमकीचाही हिशेब व्हायचाय."

आजीनं झगा काखेत धरला. "मी दुसरीकडून शिवून घेईन," असं म्हणून ती चालू लागली. तिच्यामागून दुसरी गेली, मग तिसरी. शिंपीण त्यांच्याकडे बघत राहिली. तिला जीपमध्ये बसवलं तेव्हा ती एवढंच बोलली.

"बाई, कात्री उघडी ठेवू नका. गंजेल."

"आता ती पुरावा आहे," फौजदारबाई म्हणाल्या, आणि कात्री त्यांनी तेलाच्या फडक्यात नीट गुंडाळून घेतली.