दगड लावणारा

रणजीतकाकाने विजेवरची गाडी आणली, पण तांड्यावर तिची खरी मालकीण निलमच वाटायची. अकरावीतली पोरगी; पण गाडीचं काही विचारायचं असलं की लोक काकाकडे न जाता तिच्याकडे यायचे, आणि कुणी नाही विचारलं तरी ती सांगायचीच. या गाडीत म्हणे ब्रेकवर पाय न्यावाच लागत नाही. रेसचं पेडल दाबलं की गाडी पळते. पाय हळूच उचलला की तीच मोटार उलटं काम करते, चाकांना आवरते आणि आवरता आवरता बॅटरीत वीजही भरून घेते. पाय पूर्ण उचलला की गाडी जागेवर उभी. चढणीवर थांबली तरी मागे घसरत नाही. आपणच ब्रेक धरून ठेवते, पडद्यावर हिरवा दिवा लागतो, आणि पुन्हा रेस दिली की सोडते. एवढं सांगून झालं की निलम वेणी ऐटीत मागे टाकायची, जणू गाडीला हे तिनेच शिकवलं होतं.

तिची आजी रूपाबाई, जिला सगळा तांडा याडी म्हणजे आई म्हणायचा, तिने हे सगळं ऐकून एकच विचारलं, "मंग दगड कोन लावंल?"

तांड्यातून मोठ्या रस्त्याला लागायचं तर हिवराची चढण चढावी लागते. डावीकडे मुरमाचा उभा कडा, उजवीकडे सोयाबीनची शेतं, आणि पायथ्याच्या वळणावर जुनी खदान, बारा महिने हिरव्या पाण्याने भरलेली. खदानीच्या काठावर हिवराचं झाड, आणि त्याच्या बुडाशी एक काळा, घासून गुळगुळीत झालेला दगड. बैलगाड्यांच्या दिवसांत एक माणूस तो दगड खांद्यावर घेऊन गाडीमागे चालायचा. बैल दमले की तो चाकामागे लावायचा. चढण संपली की गाडीतल्यांनी वळून त्याला हाक द्यायची, "दगडवाल्या, ये, बस." हाक आल्याशिवाय त्याने बसायचं नाही. पुढे जीप आल्या, ट्रॅक्टर आले, रीत तशीच राहिली. निलमने लहानपणी कितीदा हा दगड लावला होता. धापा टाकत वर पोचायचं आणि ती हाक ऐकायची, यासारखं सुख नव्हतं. मात्र याडीची एक ताकीद असायची. आधी मागे बघायचं, माणूस दिसला तरच बोलवायचं. काहून, ते तिने कधी सांगितलं नाही.

नवी गाडी आल्यावर दगड झाडाखालीच पडून राहिला. काका म्हणायचा, आता त्याला पेन्शन.

पण चढणीवर गाडी वाजायला लागली. मागे काही आलं की टूं टूं वाजणारं यंत्र असतं ना, ते. ते फक्त गाडी मागे घेताना वाजायला हवं, हे निलमला पक्कं ठाऊक होतं. इथे गाडी पुढे जात असताना वाजायचं, तेही ठरावीक अंतराने, कुणी मागून चालत असल्यासारखं. काकाने पाय उचलून गाडी थांबवली की आवाजही थांबायचा. गाडी निघाली की पुन्हा सुरू. वर पोचलं की बंद. काकाने मागचा बंपर फडक्याने पुसला. धूळ बसली असेल, निलम म्हणाली, आणि स्वतःचंच उत्तर तिला फारसं पटलं नाही.

सोयाबीनच्या काढणीत एका दुपारी पूजाकाकीला कळा सुरू झाल्या. पहिलं लेकरू, आणि पंधरा दिवस आधीच. डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, बाळ आडवं आहे, घरी थांबू नका, सरळ हिंगोलीला आणा. मागच्या सीटवर एका दाराशी पूजाकाकी, दुसऱ्या दाराशी याडी. निलम पुढे, काकाच्या शेजारी.

चढणीच्या मध्यावर मेंढरं आडवी आली, अख्खा रस्ता भरून. हट्टा गावाकडून दर साली येणारे नामाजी धनगर त्यांच्या पार पुढे, जवळजवळ माथ्यावर होते. हॉर्नला मेंढरं दाद देईनात. काकाने पाय उचलला. हिरवा दिवा लागला. "बसा, आलोच," म्हणत तो उतरला आणि हात पसरून कळपात शिरला.

ड्रायव्हरने पट्टा काढला की गाडीला कळतं, माणूस उतरला. मग ती पार्किंगचा ब्रेक आपणच लावते. पण पट्टा लावायचा काकाला कंटाळा. गाडीने ओरडू नये म्हणून त्याने पट्ट्याच्या खाचेत बाजारातली खोटी क्लिप खोचून ठेवली होती. गाडीच्या लेखी ड्रायव्हर अजून जागेवरच होता, आणि नुसता चढणीवरचा ब्रेक ती दोन-चार मिनिटांच्या वर धरत नाही.

निलमची नजर त्या क्लिपवर गेली. मग पडद्यावर.

हिरवा दिवा विझला होता.

गाडी मागे सरकली. आधी इतकी हळू की कडाच पुढे चालल्यासारखा वाटला. मग भरभर. मागे वळण होतं आणि वळणाच्या पलीकडे खदानीचं पाणी. पूजाकाकी किंचाळली. निलम ब्रेककडे झेपावली, पण तिचा स्वतःचा पट्टा आवळला आणि तिला जागच्या जागी धरून बसला.

टूं. टूं. टूं टूं टूं.

मग एकच लांब, न तुटणारा आवाज.

मागून धप्प झालं आणि गाडी थांबली.

काका धावत आला, चढून ब्रेकवर दोन्ही पायांनी उभा राहिल्यासारखा बसला. निलम उतरली. मागच्या चाकामागे काळा दगड होता, कोपरा बराबर चाकाखाली घुसवलेला. रस्ता खालपर्यंत मोकळा. तिला वाटलं, नामाजीमामांनीच धावत येऊन लावला असणार. काका ओरडला, तशी ती दगड तिथेच टाकून गाडीत बसली.

मेंढरं बाजूला झाली होती. यंत्र वाजत होतं, टूं, टूं. माथा आला तसं निलमच्या छातीतलं सगळं मोकळं झालं. वाचलो होतो. काकी वाचली होती. तिने काच खाली केली, मान बाहेर काढली आणि लहानपणीसारखी हाक दिली, "दगडवाल्या, ये, बस."

मागे तिने बघितलंच नाही.

नामाजी समोर उभे होते, काठीवर हनुवटी टेकवून. "कोनाला बोलवून राहिली गं पोरी?" ते म्हणाले. "मागं कोन हाय?"

काकाने रेस दिली. टूं टूं थांबलं होतं. आता दुसराच आवाज होता, पट्टा न लावल्याचा.

"पट्टे लावा म्हणं," काका म्हणाला.

निलमने वळून बघितलं. दोघींचे पट्टे लागलेले होते. पडद्यावर मागच्या तीन सीटची चित्रं होती. दोन हिरवी. मधलं लाल.

पूजाकाकीचे डोळे मिटलेले होते. "याडी," ती पुटपुटली, "पोटावरचा हात काढा ना. लई गार हाय."

याडीने दोन्ही हातांनी निलमच्या सीटची पाठ घट्ट धरलेली होती.

याडीने मान न वळवता एक हात सोडला, मधला पट्टा ओढला आणि रिकाम्या सीटवरून नेऊन खटकन लावला. आवाज बंद झाला. पट्टा सीटला टेकला नाही. वीतभर वर, ताणलेला राहिला.

हिंगोलीपर्यंत काकाने रेसवरचा पाय उचलला नाही.

दवाखान्याच्या दाराशी काकाने पाय उचलला, गाडी उभी राहिली. स्ट्रेचर आलं. पूजाकाकीला आत नेलं, मागोमाग काका, मागोमाग याडी. काचेचं दार त्यांच्यामागे बंद व्हायला आलं, आणि मग कुणासाठी तरी धरून ठेवल्यासारखं जरा थांबलं.

निलमने मागच्या सीटकडे बघितलं. मधला पट्टा अजून लागलेलाच होता. फक्त आता तो सीटवर सपाट पडला होता.