उलट्या आकड्यांचा रुपया

हफीजा आली तेव्हा भाट्याची खाडी उन्हात पेंगत होती. मागोमाग तिचा नवरा इद्रीस तांडेल, झोपेत चालल्यासारखा.

"भाऊ," ती खासगी तपासनीस बिर्ज्यांना म्हणाली, "हा राखणीला निजला, दोर ढिला बांधला, मचवा ओहोटीत गेला म्हणतात. आता एक बंदर ह्याला उभं करीत नाय."

"त्या सांजेला डोलकाठी जागेवर होती?" बिर्ज्यांनी विचारलं.

"होती," इद्रीस म्हणाला. "दोर मीच बांधला. बांधला ना गो? रोज सपनात सुटतो."

"म्हणजे निजलाच," बिर्ज्यांचा मित्र गंगाराम पुटपुटला.

मचव्याचे मालक हमीदशेट त्याच सकाळी बिर्ज्यांकडे एक रुपया ठेवून गेले होते. बिर्ज्यांना नाण्यांची पारख. १९१८ चा चांदीचा रुपया; आकड्याच्या बाजूला दुसरेच आकडे आत खचलेले, तेही उलटे. मागे राजाचं नाक चपटं. "टाकसाळीची चूक आहे, तसं लिहून द्या," शेट म्हणाले होते. "मुंबईचं गिऱ्हाईक वेडं झालंय."

बिर्ज्यांनी रुपया आरशासमोर धरला.

"एकोणीसशे एक्केचाळीस," गंगारामने वाचलं. "मग?"

"मग चल रघू सुताराकडे."

रघू तासणी थांबवून म्हणाला, "मचवा मीच बांधला, एक्केचाळीस साली. शेटनी मागाहून घेतला. डोलकाठी बसवली ती पुन्हा नाय हलली. तिच्या बुडाखाली शकुनाचा नवा रुपया, त्यावर बापाशीनं अठरा साली बांधलेल्या होडीतला जुना. मालकाला सांगायची रीत नाय."

हमीदशेट पानाला चुना लावत होते. "रुपया? मुंबईहून आणला. छापतानाच तसा पडला. आणि मचवा गेला दर्यात. फळी नाय मिळाली."

संध्याकाळी सगळे बिर्ज्यांच्या पडवीत जमले. समुद्र दिसत नव्हता, नुसता श्वास ऐकू येत होता.

"छापलेलं नाणं कधी साच्याला चिकटून राहतं," बिर्जे म्हणाले. "पुढच्या नाण्यावर त्याचा उलटा ठसा खचतो. ती खरी चूक. पण तिथं दुसरी बाजू करकरीत असते. इथं राजा चपटा. आणि अठरा सालच्या टाकसाळीनं एक्केचाळीसचा आकडा कुठून आणला?"

गंगारामने रुपया उलटून राजाचं नाक चाचपलं.

"हा नंतर चेपलाय. डोलकाठीखाली, आकड्याला आकडा भिडून, बारा वर्षं दर्यानं ठोकलाय. जुनी चांदी मऊ, तिनं ठसा घेतला. डोलकाठी उपटल्याशिवाय तो बाहेर येत नाही. हमीदशेट, वाहून गेलेल्या मचव्याची डोलकाठी तुम्ही उपटलीत कुठं?"

"आंजर्ल्याला..." शेट बोलून गेले.

"कारण लांबून मचवा डोलकाठीवरनंच ओळखतात. ती बदलून मचवा विकलात, वाहून गेल्याचा विमाही घेतलात, आणि बोंब ह्याच्या नावानं! मचव्याचे मालक म्हणे. पायाखाली काय आहे तेही ठाऊक नाही!"

"शेट," हफीजा म्हणाली, "उद्या हेच बंदरावर बोला. मोठ्यानं."

इद्रीस हातांकडे बघत होता. "म्हणजे दोर मी बांधला होता?"

"घट्ट," बिर्जे म्हणाले.

तो तिथंच बाकावर आडवा झाला. गंगाराम उठवायला वाकला.

"निजू द्या त्याला," हफीजा म्हणाली.